मॅडमचा आवाज बारीक येतो

१ ऑक्टोबर, रविवार

हर्षलने पुण्याहून पाठवलेलं खोकं आज उघडलं. त्याचा जुना संगणक, पंज्याएवढा एक पत्र्याचा डबा, एक माइक, दोन हेडफोन आणि वायरींचा गुंता. डब्याला इंटरफेस म्हणायचं. माइक डब्यात, डबा संगणकात, हेडफोन पुन्हा डब्यात. "अण्णा, कळलं का? अण्णा, कळलं का?" फोनवर सारखं चालू होतं. पोराला वाटतं, आपण पुण्यात कंपनीत आहोत म्हणजे वायरी आपल्यालाच कळतात. तो जन्मायच्या आधीपासून मी वायरी जोडतोय. माझे दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून हर्षलच्या आईने, गोजरने, फोन माझ्या डाव्या कानाला धरला, तर लाइन एकदम खराब. तिने पलीकडून येऊन उजवीकडं धरला तेव्हा बरी झाली. आमच्या गावात रेंज अशीच, हातभर जागा बदलली की येते.

हे सगळं मेहरीन मॅडमसाठी. मेहरीन शेख, आमच्या गावच्या झेडपी शाळेत चौथीच्या बाई. मूळच्या नगरच्या, राहतात पाथर्डीत, स्कूटीवर ये-जा करतात. वर्गात एकतीस पोरं. दसरा झाला की त्यातली बावीस आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत. गेल्या वर्षी राजनंदिनी नावाची पोरगी अशीच कोल्हापूरकडं गेली. जाताना धडाधड वाचायची. आल्यावर मॅडमनी पुस्तक पुढं केलं तर पहिल्या ओळीवर बोट ठेवून नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "बाई, मला आता येत न्हाई." हे सांगताना मॅडमचाच चेहरा उतरला होता.

म्हणून त्यांनी वीस धडे स्वतः लिहून काढलेत, दहा-दहा मिनिटांचे. ते त्यांच्या आवाजात भरायचे, मेमरी कार्डात टाकायचे, कार्ड पोरांच्या घरच्या मोबाईलमध्ये. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, रेंज नसली तरी धडा वाजेल.

"काका, गावात माइकचं काम तुमच्याशिवाय कुणाला कळतं? म्हणून आले," म्हणाल्या.

तीस वर्षं मी लोकांचे आवाज मोठे करून दिले. लग्नं, भाषणं, कीर्तनं, वराती. दोन वर्षांपूर्वी स्पीकरच्या मोठ्या पेट्या विकल्या, आता मांडव आणि खुर्च्यांचंच काम. आवाज जपून ठेवायचं काम कधी केलं नव्हतं. हो म्हणालो.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आतली खोली मॅडमला दिली. भिंतींना कनाती लावल्या, त्यावर गाद्या टेकवल्या. मी बाहेर संगणकापाशी. मधल्या दाराला काच आहे, त्यामुळे त्या दिसतात, पण दार लावलं की इकडचं तिकडं काही जात नाही. चुकलं की मी दारावर थाप मारायची, त्यांनी हेडफोन काढायचा, उठायचं, दार उघडायचं, माझं ऐकायचं, परत दार, परत हेडफोन. सव्वापाचला शाळेतून आल्या, पावणेसातला गेल्या. तेवढ्यात अर्धा धडा झाला.

५ ऑक्टोबर, गुरुवार

हर्षल म्हणाला, ह्याला टॉकबॅक लागतो. म्हणजे माझ्यापुढं एक वेगळा माइक, त्याचा आवाज फक्त मॅडमच्या हेडफोनमध्ये जायचा, रेकॉर्डिंगमध्ये नाही. माळ्यावरून मांडवातला जुना माइक काढला. दांड्यावर खटका आहे. वर केला की चालू, खाली केला की बंद. मॅडमचा माइक डब्यात एक नंबरला, हा दोन नंबरला, आणि संगणकाला सांगून ठेवलं की एक नंबरचंच भरून घे.

ह्याच माइकवरून मी हजार-हजार माणसांना "पंगत बसलेली आहे" म्हणून सांगितलंय. आज खटका वर केला आणि हळूच म्हणालो, "मॅडम, ऐकू येतंय का?" काचेपलीकडं त्या दचकल्या आणि हसल्या. एकाच माणसाच्या कानात बोलायचं वेगळंच वाटलं.

पण मॅडम वाचायला लागल्या की अडखळायच्या. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांच्याच कानात मागून येत होता. "विहिरीत बोलल्यासारखं होतंय, काका. मी एक शब्द बोलते आणि माझ्यामागून कुणीतरी तोच परत बोलतं." परत हर्षलला फोन. तो म्हणाला, आवाज संगणकात जाऊन परत येतो, त्याला वेळ लागतो. डब्यावर एक बटण आहे, ते दाबलं की आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात. दाबलं. मॅडमचं वाचन लगेच सुतासारखं सरळ झालं.

ते बटण एकदा दाबलं तर दोन्ही माइक दोन्ही कानांत. दोनदा दाबलं तर एक नंबर डाव्या कानात, दोन नंबर उजव्या. मी दोनदा दाबून ठेवलं. मॅडमचा आवाज डावीकडं, माझा उजवीकडं, एकात एक मिसळायला नकोत. डब्याला हेडफोनची जागा एकच, तिथूनच फाटा काढून दोघांचे हेडफोन लावलेत, त्यामुळे त्यांना येतं तेच मला येतं. हर्षल म्हणत होता, "अण्णा, एकदाच दाबा." ठेवलं मी तसंच. सगळंच त्याचं ऐकायचं तर मी कशाला बसलोय?

७ ऑक्टोबर, शनिवार

आज शाळा सकाळची, म्हणून मॅडम दुपारी आल्या. दुसरा धडा झाला, तिसरा निम्मा.

मॅडमचा आवाज फार बारीक येतो. माझा खणखणीत येतो, त्यांचा मात्र शेजारच्या घरातून आल्यासारखा. आधी वायर बदलली. मग माझा हेडफोन त्यांना आणि त्यांचा मला. तरी तेच. दोन्ही हेडफोन डावीकडून अधू निघाले. हर्षलला सांगितलं तर म्हणे, अण्णा, असं कसं होईल, मी इथं तपासून पाठवलेत. स्वस्तातला माल घेतला की असंच व्हायचं, पण पोराला बोललं की राग येतो.

मॅडमची एक सवय बघतोय. खोलीतून बाहेर आल्या की सरळ माझ्याशी बोलत नाहीत. टेबलाला वळसा घालून उजव्या बाजूला येऊन उभ्या राहतात आणि मग बोलतात. तिथं पंख्याचा वारा लागतो म्हणून असेल.

९ ऑक्टोबर, सोमवार

एक नंबरचा आवाज वाढवला. डब्यावरची बटणाभोवतीची दिव्याची कडी लाल व्हायला लागली म्हणजे माल भरपूर येतोय. आमच्या धंद्यात लाल लागल्याशिवाय वरात हलत नसे. हेडफोनचाही वाढवला. आता जरा कळतंय मॅडम काय म्हणतात.

पण त्यांनी डाव्या कानावरून हेडफोन सरकवून ठेवला. मी खटका वर करून सांगितलं, "मॅडम, दोन्ही कान झाका, न्हाईतर हेडफोनमधला आवाज माइकमध्ये गळतो." म्हणाल्या काहीतरी. मग झाकला. कपाळाला आठ्या होत्या.

१० ऑक्टोबर, मंगळवार

मॅडम मधेच थांबून बाहेर आल्या. म्हणाल्या, लिंबावरच्या चिमण्यांचा कालवा फार होतोय, धड्यात येतोय, थोडं थांबू या का. मी कान दिला. कसल्या चिमण्या? घर चिडीचूप होतं. तरी थांबलो दहा मिनिटं, त्यांच्या समाधानासाठी. शिकलेल्या माणसाला नीट काम करायची हौस असते, पण अशानं दसरा हातचा जायचा.

गोजरही अलीकडं फारशी बोलत नाही. काही सांगायचं असलं तर पुढ्यात येते, हाताला हात लावते आणि मग सांगते. पूर्वी चुलीपाशी बसल्या-बसल्या घरभर बडबडायची. वय झालं की माणसं शांत होतात.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सातवा धडा, अपूर्णांकांचा. उसाच्या मोळीवरून लिहिलाय. दहा उसांची मोळी, पाच आईने उचलले, दोन ताईने, राहिले किती आणि ते मोळीचा कितवा भाग. लिहिलाय झकास. वाचतात मात्र कानाशी कुजबुजल्यासारखं. तीनदा सांगितलं, मॅडम, मोकळ्या गळ्यानं.

तेवढ्यात गोजर चहा घेऊन आली. तिला म्हणालो, "बाई हुशार हाय, पण आवाजात दम न्हाई. भित्रा आवाज. असलं ऐकून पोरं झोपायची. एखादा गडी मास्तर आणला असता तर चार दिवसांत काम उरकलं असतं."

गोजरने डोळे मोठे केले आणि काचेकडं बघितलं. मीही बघितलं. मॅडम माइकपुढं काहीतरी बोलत होत्या, ओठ हलत होते. सराव करत असाव्यात. मग थोडा वेळ मान खाली घालून बसल्या. मग वही उचलली आणि असा मोठ्यानं धडा वाचला की कडी लालभडक. सांगितल्याचा उपयोग होतो म्हणायचा.

त्यांचा चहा तसाच राहिला. गोजर आज माझ्याशी बोलली नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमचा घसा बसलाय. तरी आल्या, मोठ्यानंच वाचलं. मधेमधे गरम पाणी घेत होत्या. मी म्हणालो, आता कसा आवाज लागलाय! त्यांनी नुसती मान हलवली. पूर्वी जाताना दोन शब्द बोलायच्या, आता वही पिशवीत घातली की निघतात.

अकरा धडे झाले. घरच्या पेटीवर लावून बघितले. भारदस्त. आज सगळे हर्षलला पाठवले, तो थोडी साफसफाई करून देणार आहे.

१६ ऑक्टोबर, सोमवार

हर्षलचा फोन.

"अण्णा, सगळे धडे फाटलेत."

"फाटलेत म्हंजे?"

"म्हणजे आवाज वर जाऊन कापला गेलाय. खरखर आहे नुसती. पहिले दोन धडे जरा बरे. तिसऱ्यापासून पुढचं दुरुस्तही होणार नाही. लाल दिवा लागत नव्हता का?"

"लागत हुता की."

"मग?"

मी म्हणालो, हेडफोन तू खराब पाठवलेस, त्यात मॅडमचा आवाजच येत नाही, म्हणून वाढवावा लागला. तो चिडला, मी त्याच्याहून चिडलो. गोजर दारात येऊन उभी राहिली. मग हर्षल हळू आवाजात म्हणाला, "सातव्या धड्याच्या आधी मॅडम काय म्हणतात ते ऐकलं का तुम्ही? पेटीवर नको. हेडफोन लावून ऐका."

त्याने फोन ठेवल्यावर ऐकलं. भरलेला धडा दोन्ही कानांत येतो. आधी वहीचं पान उलटल्याचा आवाज. मग मॅडम, अगदी साध्या आवाजात:

"काका, तुमचा खटका चालू आहे."

थोडी शांतता.

"काका. मला सगळं ऐकू येतंय."

परत शांतता, चांगली अर्धा मिनिट. नाक ओढल्याचा आवाज. खुर्ची सरकली. आणि मग तो मोठ्यानं वाचलेला धडा, फाटका.

पाच-सहा वेळा ऐकलं. त्या वेळी हेडफोन माझ्या कानांवरच होता. गोजर चहा घेऊन आली तरी मी काढला नव्हता, नक्की आठवतंय. मग मला कसं ऐकू आलं नाही?

१७ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमना निरोप दिला, आज येऊ नका.

गोजरला आत माइकपुढं बसवलं. म्हणालो, काहीही बोल. ती आकडे म्हणायला लागली, एक, दोन, तीन. डावीकडं, पार लांबून. मी हेडफोन काढला, उलटा केला, डावी बाजू उजव्या कानावर घातली. गोजर माझ्या कानात होती. तिचा श्वाससुद्धा. "सतरा, अठरा, आवं झालं का, किती म्हणू?"

परत सरळ केला. गेली. परत उलटा. आली. दुसऱ्या हेडफोनवर करून बघितलं. तेच.

हेडफोनला काही झालेलं नाही.

मी बसून राहिलो. गोजर बाहेर आली, शेजारी बसली. उजव्या बाजूला. म्हणालो, "तुला ठावं हुतं?"

"चार वरसं झाली."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. दोनदा बोलले. तुमी वरडला माझ्यावर, म्हनला, आवाजाच्या धंद्यातल्या मानसाला कानाचं शिकवती व्हय. मंग मी इकडच्या अंगाला यायला लागले."

मला ते आठवत नाही. ओरडलो असेन. वराती, मिरवणुका, तीस वर्षं, पेट्यांची भिंत नेहमी माझ्या डाव्या हाताला. लोक कानात बोटं घालायचे. आम्ही त्यांना हसायचो.

आता एकच सारखं मनात येतंय. चार वर्षांत डावीकडून कोण कोण काय काय बोललं असेल, आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून काय समजून निघून गेलं असेल.

१८ ऑक्टोबर, बुधवार

मधल्या सुट्टीत शाळेत गेलो. पोरं ओट्यावर खिचडी खात बसली होती. मॅडम ताटांवर लक्ष ठेवून उभ्या होत्या. मला बघून आल्या आणि सवयीनं वळसा घालून उजवीकडं उभ्या राहिल्या.

"मॅडम, त्या दिवशी मी जे बोललो ते तुमाला ऐकू गेलं. तुमी मला सांगितलं ते मला ऐकू आलं न्हाई. माझा डावा कान गेलाय. मला कालच कळलं."

त्या म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, काका."

"आन तुमीबी सांगितलं न्हाई?"

"माझे अब्बा, बाबाजान नाव त्यांचं, नगरला छापखान्यात मशिनवर होते. त्यांचंही असंच झालं. आम्ही सांगायचो आणि ते भांडायचे. तुमच्या घरात बसून, तुमच्या माइकवर, तुम्हाला कसं सांगू?" मग म्हणाल्या, "पण एक सांगते. भित्री म्हणालात ते मला लागलं. नऊ वर्षं मी ह्या रस्त्यानं एकटी येते. पावसात, अंधार पडताना. गडी मास्तर दोन आले आणि बदली करून गेले."

त्यांनी एका पोराला आणखी खिचडी घ्यायला पाठवलं आणि परत माझ्याकडं वळल्या.

"आणि मी हळू मुद्दाम वाचत होते. फडावरून आल्यावर आई भाकऱ्या करत असणार, बाप थकून आडवा झालेला. पोर मोबाईल कानाशी धरून बसणार. कानाशी धरलेल्या मोबाईलमध्ये ओरडायचं कशाला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आयुष्यभर मैदानाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाचा विचार केला. अगदी जवळ बसलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणालो, "परत भरू. पयल्यापासनं. ट्रॅक्टर निघायला दहा दिवस हायेत."

"आणि ऐकणार कोण?"

हा प्रश्न त्यांनी रागानं विचारला नाही. खरंच विचारला. मीही रस्ताभर त्याचाच विचार करत आलो होतो.

"गोजर ऐकंल," म्हणालो.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बटण एकदाच दाबलं. दोघींचे आवाज दोन्ही कानांत.

हेडफोन गोजरच्या डोक्यावर. पदरावरून घालायचा की पदर मागं सारून, यावर पाच मिनिटं गेली. मी शेजारी, हात डब्यावर. तिने बोट वर केलं की वाढवायचं, खाली केलं की कमी करायचं. कडी हिरवीच राहिली पाहिजे, ते मला दिसतं.

मग तिच्या हातात टॉकबॅकचा माइक दिला. तिने तो धरला आणि नुसती बघत राहिली. तेव्हा लक्षात आलं. तीस वर्षं आमच्या घरात माइक आहेत. पुसून ठेवायचं काम हिचं, वायरी गुंडाळायचं काम हिचं. पण गोजर एकदाही माइकवर बोललेली नाही. मी कधी दिलाच नव्हता.

खटका वर केला. "बाई... मी हाय. गोजर. येतंय का ऐकू?"

काचेपलीकडं मॅडमनी दोन्ही हात हेडफोनवर ठेवले आणि अशा हसल्या, जशा पहिल्या दिवशी हसल्या होत्या. त्याहून जास्तच.

"जरा थांबा बाई, चिमण्या लई वरडत्यात," गोजर म्हणाली. मी निमूट थांबलो. चिमण्या बसल्या असं ती म्हणाली तेव्हा सुरू केलं. दीड धडा झाला.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आज तीन झाले. गोजर माझ्यापेक्षा कडक आहे. कुत्रं भुंकलं, थांबवलं. मॅडमच्या बांगड्या वाजल्या, काढायला लावल्या. आणि सांगते किती नीट: "बाई, आता जरा घाई झाली. लेकरू शेजारी बसलंय असं समजा."

मोळीच्या धड्यात गंमत झाली. गोजर तिसरीपर्यंत शिकलेली. मधेच खटका वर करून म्हणाली, "बाई, ह्यो पाव-निम्म्याचा तुकडा मला न्हाई कळला." मॅडम थांबल्या, वही बाजूला ठेवली आणि तिला समजावून सांगितलं, मनानंच, न वाचता. "आता आलं ध्यानात," गोजर म्हणाली. मॅडम म्हणाल्या, आता वहीतला परत वाचायचा नाही. आत्ता बोलले तेच ठेवा. गोजरचा आवाज त्यात नाहीच, टॉकबॅक भरला जात नाही. पण तिच्या प्रश्नासाठी मॅडम थांबल्या ती जागा ऐकू येते.

मी ऐकलं ते उजव्या कानानं, शेवटी. हर्षलचा निरोप आला: आता बरोबर. पुढं लिहिलं होतं, अण्णा, चिडलो त्या दिवशी, सॉरी. मी लिहिलं, हेडफोन चांगले आहेत.

२३ ऑक्टोबर, सोमवार

पाथर्डीला कानाच्या डॉक्टरकडं. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला आणि म्हणाले, शिटी ऐकू आली की बोट वर करा. बराच वेळ मी बोट वर केलं नाही, मला वाटलं अजून सुरूच झालेलं नाही. डावा जवळजवळ गेलेला. उजवाही वरच्या बारीक आवाजांना कमी पडतो. यंत्र लावून थोडा फरक पडेल, गेलेलं परत येणार नाही. गोजर बाहेर बाकावर होती. डॉक्टरांचं सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता घरी चला, बाई पाचाला येत्यात."

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दसऱ्यालाही काम केलं. शिलंगणाचं सोनं मॅडमनी गोजरला दिलं, मला दिलं आणि लगेच आत जाऊन बसल्या.

वीसपैकी चौदा झाले. सहा राहिले. माझ्यामुळे राहिले, हे इथं लिहून ठेवतो. त्या दहा-बारा दिवसांत वीसही झाले असते. मॅडमना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, चौदा म्हणजे चौदा आठवडे, एकेका आठवड्याला एक. उरलेले कुणी भेटायला गेलं तर पाठवू. त्या असं म्हणाल्या म्हणून मला बरं वाटावं, असं नाही. पण झोप लागेल.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आज टोळ्या निघाल्या.

सकाळी सातपासून शाळेपुढच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉल्यांमध्ये गोधड्या, भांडी, पाण्याचे ड्रम, पाय बांधलेल्या कोंबड्या, एकात तर शेळी. सगळ्यात वर पोरं. मॅडम पहाटेच पाथर्डीहून आल्या होत्या. एकेका आईच्या मोबाईलमध्ये कार्ड घालून देत होत्या, कुठं दाबलं की कुठला धडा हे दाखवत होत्या. बाया घाईत होत्या, तरी ऐकून घेत होत्या. एकीनं दोनदा विचारलं आणि परत येऊन तिसऱ्यांदा विचारलं. बावीस कार्डं होती, त्यातली एकोणीस गेली. तीन कुटुंबं रात्रीच निघून गेली होती. ती तीन कार्डं मॅडमनी पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावायला त्यांना बराच वेळ लागला.

राजनंदिनीचा बाप गोरक्ष, ट्रॅक्टर त्याचा स्वतःचा. तो माझ्याकडं आला. "सहादेवअण्णा, ट्रॅक्टरच्या टेपाला पेनड्राइव्ह लागतो. पोरगी मागं लागली, रस्त्यानं लावा म्हनती. हाय का तुमच्याकडं?"

खिशात होता. हर्षलला पाठवायला म्हणून सगळे धडे त्यातच होते. दिला. माझ्या उजव्या बाजूला मॅडम, त्यांच्या पलीकडं गोजर. गोरक्षनं इंजिन सुरू केलं. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरला पेट्या कसल्या असतात ते मला सांगायला नको, मीच दोघांना बसवून दिलेल्या आहेत. एरवी त्यावर काय वाजतं ते गावाला पाठ आहे.

पण मॅडमचा आवाज आला. हळू आवाजात बोललेला, तेवढ्या मोठ्या पेट्यांतून.

"बसलात का सगळे नीट? मग सुरू करू या."

ट्रॉलीवरची पोरं एकदम गप्प झाली. एक बारका काय समजला कोण जाणे, मांडी घालून बसला. मॅडमनी तोंडावर ओढणी धरली. हसत होत्या की रडत होत्या, मी बघितलं नाही, तिकडं बघणं बरं दिसलं नसतं.

ट्रॅक्टर वळले, डांबरीला लागले. लोक पांगले. मॅडम शाळा उघडायला गेल्या, नऊ पोरं आहेत अजून वर्गात. मी आणि गोजर तिथंच उभे राहिलो. आवाज ऐकत होतो. शब्द कळेनासे झाले, मग नुसता बाईचा आवाज राहिला, मग मला तोही येईना.

गोजर अजून रस्त्याकडं तोंड करून उभी होती.

"येतोय का अजून?" मी विचारलं.

तिने हात वर करून मला गप्प केलं. मी थांबलो. बरंच थांबलो.

"येतोय," ती म्हणाली.